पथ्याचा कागद

तो कागद मी हौसेनं करून घेतला होता. महाडच्या बाजारपेठेतल्या एका झेरॉक्सवाल्याच्या शेजारी बसून, शब्द न् शब्द तपासून. वर दवाखान्याचं नाव, त्याखाली ठळक अक्षरांत 'संधिवाताचे पथ्य' आणि खाली दोन रकाने. 'चालेल' या रकान्यात दुधी, पडवळ, मूग, सुंठ, ज्वारीची भाकरी. 'वर्ज्य' हा रकाना मात्र कागदाच्या तळापर्यंत गेलेला: वांगं, बटाटा, टोमॅटो, चिंच, आमसूल, दही, ताक, केळं, वाल, हरभरा, मसूर, सुकी मासळी, कोलंबी, अंडं. आमच्याकडची भाकरी तांदळाची, नाहीतर नाचणीची. मी इथलीच, तांदळाची भाकरी खाऊन मोठी झालेली. तरी कागदावर ज्वारी आली आणि ती खटकलीसुद्धा नाही.

ही यादी कुठून आणली, असं आज कुणी विचारलं तर सांगायला लाज वाटते. थोडी एका वरिष्ठ डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेली, थोडी आईकडून आलेली आणि बरीचशी रुग्णांनीच सांगितलेली. म्हणजे रुग्ण मला सांगणार की वांग्यानं दुखतं, मी ते छापणार आणि पुढच्या रुग्णाच्या हातात देणार. मेडिकल कॉलेजात आहार शिकवला तो कुपोषणाचा आणि मधुमेहाचा. आमवाताच्या माणसानं काय खावं, यावर कुणी चार वाक्यं बोलल्याचं आठवत नाही. दवाखान्यात मात्र पहिला प्रश्न तोच. "बाई, काय काय सोडू ते सांगा." गोळ्या कोणत्या आणि किती दिवस, हे नंतर. 'सगळं खा' म्हणणाऱ्या डॉक्टरवर आमच्या भागात कुणाचा विश्वास बसत नाही. पथ्य नाही म्हणजे औषधात दम नाही.

माझ्याकडे माणसं येतात ती बिरवाडी, वरंध, दासगाव, पोलादपूर आणि त्याच्या वरच्या वाड्यांतून. सांधे धरलेला माणूस बहुतेक वेळा आधी सवला जाऊन आलेला असतो. सव हे सावित्रीकाठचं गाव, तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. कोकणात अशा झऱ्यांची एक लांब ओळच आहे: वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, मग आमचं सव, पुढे उन्हवरे, तुरळ, राजवाडी, राजापूर. सांधेदुखी असो, खरूज असो की सोरायसिस, सवच्या पाण्यात चार दिवस अंग शेकून पाहायचं, ही इथली पहिली पायरी. मी तिला कधी नावं ठेवली नाहीत. आखडलेल्या सांध्याला ऊन पाण्यानं घटकाभर आराम पडतो, हे खरंच आहे. आमवाताच्या बाया सांगतात, भाकरीची उकड मळताना हाताला बरं वाटतं, थापायला घेतली की बोटं ऐकत नाहीत. निदानाची माझी खूणही तीच. "सकाळी भाकरी थापता येते का?" हे मी रक्त तपासण्याआधी विचारते. गुडघा झिजलेल्या बाईला खाली बसवत नाही, पण भाकरी थापता येते. आमवाताच्या बाईची सकाळी मूठच वळत नाही. दहा वाजायला आले की हळूहळू वळायला लागते.

हा आमवात, म्हणजे डॉक्टरी भाषेतला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. शरीराचं रक्षण करायला ठेवलेली यंत्रणा घरच्याच माणसांवर उलटते आणि सांध्यांच्या अस्तराला सूज आणते. शंभरात जेमतेम एखाद्याला होणारा आजार, आणि बायकांत पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. सोरायसिस, ल्युपस, आतड्यांचे क्रोन आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस, गव्हानं बिघडणारा सीलियाक, ही सगळी एका भावकीतली दुखणी. भावकीतल्यासारखीच ती दिसायला सारखी आणि वागायला वेगवेगळी. हा फरक कळायला मला बरीच वर्षं लागली. मधल्या काळात माझ्या कागदाच्या शेकडो प्रती वाटून झाल्या.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथली एक बाई. चाळिशी उलटलेली, नवरा मुंबईत नोकरीला, घरी सासू आणि दोन मुलं. पहिल्यांदा आली तेव्हा वजन 47 किलो, दोन्ही मनगटं आणि बोटांची मुळं सुजलेली. मी तिला मुंबईला पाठवलं. तिथल्या तज्ज्ञांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, जोडीला फॉलिक ॲसिड. परत आल्यावर मी औषध समजावलं आणि माझा कागद दिला. कागद तिनं कपाळाला लावून पिशवीत ठेवला. त्यानंतर दीड वर्ष ती फिरकली नाही.

आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. वजन 38 किलो, हिमोग्लोबिन 7.6. तिनं पिशवीतून कागद काढून टेबलावर मांडले. पाच होते. एक माझा, झिजून चौकटीत फाटलेला. एक कुठल्याशा वैद्याचा. एक पुतण्यानं मोबाइलवर बघून लिहून दिलेला, त्यात गहू आणि दूध बंद. एक युरिक ॲसिडचा, त्यात डाळी बंद. पाचवा कुणी दिला हे तिलाही आठवत नव्हतं. पाचही कागद तिनं पाळले होते, एकावर एक.

"मग खाता काय?"

"भाकरी नि दुधी."

"दुधी नसतो तेव्हा?"

"भाकरी नि मीठ."

"आणि ती आठवड्याची गोळी?"

गोळी चार महिन्यांतच सुटली होती. ती गरम पडते, पोटात अन्न नसताना मळमळतं, असं तिचं म्हणणं. अन्न नव्हतंच. पाच जणांनी मिळून ते काढून घेतलं होतं आणि त्यातली पहिली मी. इतकी आज्ञाधारक रुग्ण मला पुन्हा भेटली नाही, आणि भेटू नये.

त्यानंतर मी वाचायला बसले, तेही उशिराच. पहिली गोष्ट कळली ती ही, की वांगं, बटाटा, टोमॅटो, मिरची या एका कुळातल्या भाज्यांनी आमवात वाढतो याला धड पुरावा नाही. गंमत म्हणजे अमेरिकेतही हीच भाज्यांची यादी लोकांच्या तोंडी आहे, आणि तिथेही ती कागदावरून कागदावर उतरत आली आहे. आपल्याकडचं 'वांगं वातूळ' आणि त्यांचं हे खूळ, दोघांची कधी भेट झाली नसताना. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीनं 2022 मध्ये या विषयावर मार्गदर्शक सूचना तयार केल्या. त्यांनी एकाच आहारपद्धतीची शिफारस केली, भूमध्य समुद्राकाठच्या लोकांसारखं खाण्याची: भाज्या, फळं, कडधान्यं, मासे, ऑलिव्हचं तेल. तीही सौम्य शब्दांत. बाकी नाव असलेले आहार आणि पूरक गोळ्या नकोत, असं तितक्याच सौम्यपणे सांगितलं. युरोपातल्या तज्ज्ञांचं म्हणणंही याच्या जवळचं आहे: एखादा पदार्थ खाल्ल्यानं किंवा सोडल्यानं या आजारात मोठा फरक पडेल, ही अपेक्षा ठेवू नये. भूमध्य समुद्राच्या यादीतलं ऑलिव्ह काढलं तर उरतं ते आमच्या आजीचं स्वयंपाकघर. मासे, वाल, कुळीथ, पावसातली टाकळ्याची नि भारंगीची भाजी. माझ्या कागदावर यातलं निम्मं 'वर्ज्य' होतं.

म्हणजे अन्नाचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो मजेदार आहे. 1991 साली नॉर्वेमधल्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये एक प्रयोग छापला. आमवाताच्या 53 रुग्णांपैकी निम्म्यांना आठवडा-दहा दिवस जवळपास उपास घडवला, मग काही महिने दूध, मांस आणि गहू नसलेला आहार, मग हळूहळू शाकाहार. उपासात सूज खरोखर उतरली आणि काहींच्या बाबतीत सुधारणा वर्षभर टिकली. हे वाचून एकादशी करणाऱ्यांना हुरूप येईल. पण उपास सोडला की दुखणं परत डोकं काढतं, हेही जुनं निरीक्षण आहे, आणि 38 किलोच्या बाईला उपास सांगणारा डॉक्टर मला माहीत नाही. माशांच्या तेलावरही बरेच प्रयोग झाले. सांध्यांचं दुखणं आणि सकाळची आखडण थोडी कमी होते, वेदनाशामक गोळ्या कमी लागतात. मात्र प्रयोगांतली मात्रा रोज 3 ग्रॅमच्या आसपासची. तेवढं ओमेगा-3 रोज ताटातल्या तारलीतून मिळवणं अवघड, आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा तर ताटात सुकटच. तरी मी तारली आणि बांगडा खायला सांगते. औषध म्हणून नाही, अन्न म्हणून.

आतड्यातल्या जिवाणूंचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. 2013 साली न्यूयॉर्कच्या संशोधकांना नव्यानं आमवात झालेल्या, औषध सुरू न केलेल्या रुग्णांत प्रिव्होटेला कॉप्री नावाचा जिवाणू जास्त सापडला. त्याचा बोलबाला झाला. पण धान्य-भाजीपाला भरपूर खाणाऱ्या भारतीय माणसाच्या आतड्यात प्रिव्होटेलाची वस्ती एरवीही दाट असते. तिकडचा चोर इकडे गावकरी निघाला, तर पंचनामा नव्यानं करायला हवा. सातव्या-आठव्या शतकातल्या माधवनिदानात आमवातावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात विरुद्ध आहार, मंदावलेला अग्नी आणि न पचलेला आम ही साखळी सांगितली आहे. आतडं आणि सांधे यांचा काही धागा आहे हा संशय इतका जुना. संशय जुना असला म्हणून 'वर्ज्य'चा रकाना खरा ठरत नाही, एवढंच.

मग माणसांना फरक पडल्यासारखं का वाटतं, याचाही उलगडा झाला. मेथोट्रेक्सेटचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. त्या दोन-तीन महिन्यांत माणूस वांगं सोडतो, सवला चार अंघोळी करतो, गळ्यात काहीतरी बांधतो आणि हळदीचं दूध पितो. गुण येतो तेव्हा श्रेय कुणाला? जी गोष्ट सोडताना सर्वांत जास्त जीव कासावीस झाला तिला. दुसरं असं की हे दुखणं भरती-ओहोटीचं. भरती अगदी वर आली की माणूस काहीतरी सोडतो, आणि वर आलेली भरती तशीही उतरणार असते.

महाडच्या डॉक्टरांना निरीक्षणाची वही ठेवायची सवय एका मोठ्या माणसानं लावली आहे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचे रुग्ण इथेच तपासले, त्यांच्या हृदयाचं काय होतं ते टिपलं आणि प्राझोसिनचा उपाय जगापुढे मांडला. त्यांचे निबंध 1980 च्या दशकात 'लॅन्सेट'मध्ये गेले. मला तसलं काही साधणारं नव्हतं, पण वही ठेवण्यापासून कुणी अडवलं नव्हतं. कागद बंद केला आणि वही सुरू केली. पहिला प्रश्न बदलला. काय सोडलंय ते विचारायचं, आणि मग कालपासून आत्तापर्यंत पोटात काय गेलं ते. 'तुम्ही काय जेवता' असं विचारलं की घराचं जेवण सांगितलं जातं, म्हणून विचारायचं, 'तुमच्या ताटात काय आलं?' उत्तर ऐकायला धीर लागतो. बांगडा केला होता ना? केला होता. तुकडी कुणाला? घरधन्याला आणि मुलांना. तुम्हाला? रस्सा. हा रस्सा माझ्या वहीत इतक्या वेळा आला आहे की मी त्याला खूण ठरवून टाकली, नुसतं 'र'.

गोळीचा वार ठरवणं हे एक वेगळंच शास्त्र. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मध्ये चतुर्थी आणि एकादशी. उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळ, मळमळ झाली की गोळी बंद. म्हणून मी मासळीच्या वारांपैकी एक निवडते, बुधवार किंवा शुक्रवार, रात्री जेवणानंतर. पाकिटावर तो वार मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिते आणि घरातल्या दुसऱ्या माणसाकडून वाचून घेते. ही गोळी चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेततं. आहाराच्या गप्पांत हे बाजूला पडायला नको.

पोलादपूरच्या त्या बाईला मी शुक्रवार दिला. अंडं, कुळथाची पिठी, मिळेल ती मासळी, आणि तुकडी स्वतःच्या ताटात. सासूला समोर बसवून सांगितलं, कारण तुकडी वाढणारा हात तिचा. वर्षभरात वजन 44 वर आलं, हिमोग्लोबिन 10 च्या पुढे. डाव्या हाताची दोन बोटं मात्र वाकडी झाली ती झालीच. ते दीड वर्ष परत येणार नव्हतं.

सोरायसिसवाल्यांची गोष्ट लवकर संपते. एमआयडीसीतल्या एका कामगाराचं वजन 94 किलो होतं, रोज संध्याकाळी दारू, कोपर-गुडघ्यांवर खपल्या. दूध सोडून, मासे सोडून तो दमला होता. जाड माणसाचं वजन उतरलं की सोरायसिसही उतरतो आणि औषधंही जास्त लागू पडतात, याला चांगला पुरावा आहे. त्यानं 11 किलो कमी केले आणि दारू रविवारवर आणली. बराच सुधारला. श्रेय तो अजून सवच्या पाण्याला देतो, मी वाद घालत नाही.

चीड येते ती युरिक ॲसिडची. स्वस्तातल्या तपासण्यांच्या पॅकेजमध्ये तो आकडा येतो, जरा वर दिसला की ठळक छापला जातो, आणि सांधे दुखणाऱ्या कुणाच्याही डाळी बंद होतात. युरिक ॲसिडमुळे होणारा गाऊट हा वेगळा आजार. त्यातसुद्धा मटण, काही मासे आणि बिअर यांचा दोष मोठा आहे. डाळी-पालकानं गाऊट वाढतो असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. आमवाताच्या बाईची डाळ तोडणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. तशाच त्या बिननावाच्या पावडरी. आठवड्यात चालायला लावतात, महिन्यात चेहरा गोल होतो, साखर वाढते. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असतं. बरोबर पथ्याची कडक यादी दिलेली असते, म्हणजे पावडर बंद केल्यावर दुखणं उसळलं की दोष रुग्णाचा: पथ्य मोडलं असेल.

एवढं झाल्यावर मी पथ्याची वैरीणच झाले होते. कुणी काही सोडतो म्हटलं की मला राग यायचा. तो रागही चुकीचा, हे मला सवच्या एका आजीनं दाखवलं.

तिचा नातू मुंबईत वाढलेला. दर मे महिन्यात गावाला येई. हातापायाच्या काड्या, पोट फुगलेलं, चिडचिडा. आजी त्याला माझ्याकडे आणायची. मी जंताचं औषध दिलं, लोहाचं सरबत दिलं. महिन्याभरात पोरगा अंगानं भरायचा, जूनमध्ये हसत मुंबईला जायचा. पुढच्या मेमध्ये पुन्हा काड्या. "सवचं पाणी लागतं हो त्याला," आजी म्हणायची. ती रोज त्याला झऱ्याच्या पाण्यानं अंघोळ घालायची. मला वाटायचं, माझं सरबत लागतं. दोघी आपापलं श्रेय घेऊन तीन वर्षं बसलो होतो.

तिसऱ्या वर्षी वहीचा प्रश्न मी सवयीनं विचारला. गावाला काय खातो? भाकरी, पेज, आंबोळी, कालवण-भात. आणि मुंबईत? चपातीचा डबा, पाव, बिस्किटं, मॅगी. माझा हात लिहितालिहिता थांबला. गावाला त्याच्या ताटात गहूच नव्हता. मुंबईला गेल्यावर रक्तात प्रतिपिंडांची तपासणी झाली, मग दुर्बिणीनं लहान आतड्याचा तुकडा काढून पाहिला. सीलियाक. गहू, जव आणि राय यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की याचं शरीर स्वतःच्याच आतड्याचं अस्तर खरवडून टाकतं. पोर सात वर्षांचं झालं होतं. माझ्याकडून तीन वर्षं वाया गेली, हे मी आजीला सांगितलं. ती म्हणाली, "असू दे. कळलं ना आता."

या आजाराचं कोडं असंच सुटलं होतं. विलेम-कारेल डिके हे हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ. पाव बंद केल्यावर मूल सुधारलं, हे एका आईनं त्यांना सांगितलं होतं म्हणतात. मग 1944-45 चा दुष्काळी हिवाळा आला, युद्धात देशाच्या पश्चिम भागात पाव मिळेना, लोक भुकेनं मेले, आणि त्यांच्या वॉर्डातली ही मुलं मात्र सुधारली. पाव परत आला, तशी ती पुन्हा आजारी पडली. डिकेंनी 1950 मध्ये प्रबंध लिहिला. त्याआधी या मुलांना जगवायला केळी खाऊ घालत. आमच्या सवच्या आजीला दुष्काळाची गरज पडली नाही. तिच्याकडे मे महिना होता.

तर इथे पथ्य हेच औषध. गोळी नाही, इंजेक्शन नाही. आणि हे पथ्य शंभर टक्के, जन्मभर, चिमूटभरही सूट नाही. कोकणात ते सोपं असावं असं मला वाटलं होतं. उकडीचे मोदक, पातोळ्या, खांडवी, घावने, सगळं तांदळाचं. शिमग्याची पुरणपोळी तेवढी आडवी येईल. आजीनं कामाला लागल्यावर एकेक दाखवून दिलं. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा शिरा, आणि प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. तिनं स्वतः तांदळाच्या रव्याचा शिरा करून भटजींपुढे ठेवला, त्यांनी नैवेद्य दाखवला. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात गव्हाचं पीठ असतं, हे पाकीट वाचून सुनेनं कळवलं. सर्वांत अवघड निघाली गिरणी. तांदूळ आपला, पण त्याच दगडावर आधी कुणाचे तरी गहू दळलेले, पहिलं पीठ त्यातच मिसळणार. आजीनं माळ्यावरचं जातं खाली उतरवलं.

जुलै 2021 च्या पुरात सावित्रीनं महाड बुडवलं तेव्हा तो मुलगा गावीच होता, शाळा मोबाइलवर चालू होत्या. माझ्या दवाखान्यात गळ्याएवढा चिखल. फडताळाच्या तळाशी जुन्या कागदाच्या उरलेल्या प्रतींचा गठ्ठा होता, तो लगदा होऊन निघाला. रुग्णांची औषधं वाहून गेली होती. आठवडाभर मी माणसांना त्यांच्या गोळ्यांचे वार विचारत हिंडत होते. मदतीचे ट्रक राज्यभरातून आले, भरभरून आले. पिशव्यांत बिस्किटं, मॅगी, टोस्ट, गव्हाचं पीठ. आजी पिशव्या वाटणाऱ्या एका पोराला सांगत होती, याला बिस्कीट नको देऊ. तो दमलेला, चिखलानं माखलेला. म्हणाला, "आजी, पुरात पण पथ्य?" ती काही बोलली नाही. पिशवीतले तांदूळ तेवढे काढून घेतले, बाकी शेजारणीला दिलं. जातं चिखलातून काढून चार पाण्यांनी धुतलं आणि उन्हात ठेवलं, ऊन पडलं तेव्हा.

मुलगा आता माझ्यापेक्षा उंच आहे.

हल्ली मुंबई-पुण्याहून येणारी तरुण मंडळी सांगतात, सांधे दुखतात म्हणून सहा महिने गहू सोडलाय, बरं वाटतं, आता सीलियाकची तपासणी लिहून द्या. तेव्हा माझ्या हातात काही उरत नाही. गहू सोडल्यावर रक्तातली ती प्रतिपिंडं हळूहळू उतरतात, आतड्याचं अस्तरही भरून येतं, आणि आजार असला तरी तपासणी 'नाही' म्हणते. मग पुन्हा काही आठवडे गहू खाऊन ती करावी लागते, आणि ज्याला खरंच आजार आहे त्याचे ते आठवडे फार वाईट जातात. म्हणून वाचणाऱ्यांना एवढीच विनंती: घरात कुणाचं वजन उतरत असेल, रक्त भरत नसेल, पोट बिघडत असेल आणि गव्हाचा संशय असेल, तर आधी तपासणी करून घ्या, गहू त्यानंतर बंद करा. आणि डॉक्टरकडे जाताना औषधांच्या पिशवीत पथ्याचे सगळे कागदही घेऊन जा.